नव्या प्राध्यापिकेस: ओळखी कुठे आणि कशा वाढवाव्यात

धुळे-नंदुरबारकडच्या महाविद्यालयात विज्ञान वा अभियांत्रिकी शिकवू लागल्यावर, काम चांगले असले की ते आपोआप लोकांपर्यंत पोहोचेल, या भरवशावर राहू नका. संयुक्त प्रकल्पांची, परीक्षकांच्या नेमणुकांची आणि व्याख्यानांच्या निमंत्रणांची बोलणी पुष्कळदा परिषदेचे सत्र संपल्यावर, चहाच्या टेबलाशी किंवा रात्रीच्या जेवणात होतात. शहाद्याची शेवटची एसटी गाठण्याची घाई बहुधा बाईलाच असल्याने ती तेथे नसते, आणि मग यादी करताना तिचे नाव कोणाला सुचत नाही. म्हणून जळगावला विद्यापीठातील परिषदेला जाण्यापूर्वीच दोन-तीन संशोधकांना त्यांच्या शोधनिबंधाविषयी नेमका प्रश्न विचारणारा ईमेल पाठवा आणि दिवसाउजेडीची वेळ मागून घ्या. १९७३ साली स्थापन झालेल्या, वाशी येथील इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशनचे सदस्यत्व जरूर घ्या; मात्र केवळ स्त्रियांच्या वर्तुळात राहू नका, कारण निर्णयाच्या खुर्च्यांवर अजूनही पुरुषच अधिक आहेत. स्वागत, रांगोळी, सूत्रसंचालन ही कामे (आपल्याकडे ती न विचारताच मॅडमच्या नावे लिहिली जातात) एखाद्या वर्षी करा, परंतु पुढच्या वर्षी सत्राचे अध्यक्षपद किंवा संशोधन समितीतील जागा लेखी अर्ज करून मागा.