नदीकाठच्या जंगलात एवढी ओल असूनही अळंब्या का दिसत नाहीत?

तुमचा प्रश्न असा आहे: डोंगरउतारावरच्या जंगलात पावसानंतर जागोजागी अळंब्या उगवतात, पण खाली नदीला लागून असलेल्या, कायम ओलसर जंगलात तासभर फिरूनही दोन-चारच दिसतात. मग तिथल्या मातीत बुरशीच नसते का?

असते, आणि भरपूर असते. पण ‘जितकी ओल जास्त तितकी बुरशी जास्त’ असं तुम्ही धरून चालला आहात, तिथे घोटाळा होतोय. मीही कितीतरी दिवस तेच धरून चाललो होतो.

शेतीतला ‘वाफसा’ हा शब्द इथे नेमका बसतो. मातीच्या बारीक पोकळ्यांत पाणी आणि मोठ्या पोकळ्यांत हवा, अशी स्थिती म्हणजे वाफसा. बुरशीला तो लागतो. बहुतेक बुरशा आपल्यासारख्याच प्राणवायूवर जगतात, आणि पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. पूर जंगलात शिरला की पोकळ्या पाण्याने भरतात आणि मातीत अडकलेला प्राणवायू मुळं नि जिवाणू मिळून काही तासांत, फार तर काही दिवसांत संपवतात. पुढे काही जिवाणू प्राणवायूऐवजी नायट्रेटवर भागवतात, ते संपलं की मँगनीजवर, मग लोहावर, मग सल्फेटवर. बुरशीला एवढी लवचीकता नसते. ती दम धरून बसते किंवा बीजाणू मागे ठेवून मरते.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर पूर ओसरल्यावर फावड्याने दीड-दोन फूट खणा. वरची माती तपकिरी नि भुसभुशीत लागेल. त्याखाली गंजासारखे तांबूस ठिपके, आणि आणखी खाली राखाडी, कधी निळसर झाक. राखाडी थरातलं लोह हवेविना राहिलेलं असतं. तांबूस ठिपक्यांत त्याला हवा मिळालेली असते. ठिपके नीट पाहिले तर ते बऱ्याचदा रेषेत असतात, कारण जुन्या मुळांच्या पोकळ वाटांनी हवा खाली उतरते. सडक्या अंड्याचा वास आला तर समजा, गाडी सल्फेटपर्यंत पोहोचली आहे.

खणताना आणखी एक गोष्ट दिसेल, आणि मला तीच सगळ्यात गमतीची वाटते. ही माती जागच्या खडकाची झिजून झालेली नसते, ती पुराने आणून टाकलेली असते. जोराच्या धारेत वाळू बसते, संथ पाण्यात चिकणमाती. त्यामुळे खड्ड्याची भिंत वहीच्या पानांसारखी दिसते: वाळू, गाळ, पुन्हा वाळू, आणि मधेच एखादा काळपट पट्टा. तो पट्टा म्हणजे गाडली गेलेली जुनी जमीन, जिच्यावर कधीकाळी पानं पडत होती. आडवंही असंच. पात्राला लागून वाळूचा उंचवटा असतो, तिथे पाणी चटकन निचरतं. मागे सखल भागात बारीक गाळ साचून जमीन चिबड होते. उंचीत हातभर फरक, पण बुरशीच्या दृष्टीने दोन वेगळी जगं. ‘नदीकाठची माती’ असं एकाच दमात म्हणणं मुळात फसवं आहे. वसंतात ॲश, एल्म किंवा पॉप्लर या युरोपातल्या काठावरच्या झाडांखाली मॉरेल (गुच्छी) ही अळंबी शोधणारे त्या वालुकामय, निचऱ्याच्या भागातच फिरतात, ते उगीच नाही.

तरीही मातीतल्या हवेने तुमच्या प्रश्नाचं अर्धंच उत्तर मिळतं. उरलेलं अर्धं झाडांच्या जातीत आहे. ओक, बीच, पाइन यांच्या मुळांच्या टोकांवर बुरशी मोज्यासारखं आवरण चढवते, झाडाकडून साखर घेते आणि त्याला खनिजं पुरवते. उतारावर तुम्हाला दिसणाऱ्या मोठ्या छत्र्यांपैकी पुष्कळशा या बुरशांची फळं असतात. काठावरचे ॲश, एल्म, मेपल मात्र वेगळी भागीदारी करतात. त्यांची बुरशी मुळाच्या पेशीत शिरून झुडपासारखी फांदते, आणि ती छत्री कधीच काढत नाही. तिचे बीजाणू जमिनीतच तयार होतात. म्हणजे पायाखाली जाळं पसरलेलं असूनही वर पाटी कोरी! वाळुंज आणि पॉप्लर दोन्ही प्रकारचे भागीदार ठेवतात, त्यामुळे त्यांच्याखाली थोडी आशा असते. आल्डर हे काठावरचं आणखी एक झाड मोजक्या, खास त्याच्याच बुरशांशी जमवून घेतं. जिरोडॉन लिव्हिडस ही छिद्राळ छत्री दिसली तर जवळपास आल्डर असणारच. शिवाय आल्डर-वाळुंजांच्या मुळांत हवेच्या पोकळ वाटा असतात. खोडाकडून आलेली हवा त्यातून खाली जाते, आणि मुळाच्या आतली बुरशीही त्या हवेवर पूर काढू शकते.

पालापाचोळ्याचं थोडक्यात सांगतो. पानं कुजवणाऱ्या बुरशांना जाड थर लागतो, आणि काठावर तो टिकतच नाही. काही पुरात वाहून जातो, आणि आल्डर-ॲशची मऊ पानं गांडुळं बघता बघता जमिनीत ओढून नेतात.

मग बघायचं कुठे? पहिलं म्हणजे लाकडात. पूररेषेच्या वर उभी वाळलेली झाडं, अर्धवट कललेले बुंधे, काटक्यांचे ढीग यांत पाणीही असतं आणि हवाही. लाकूड कुजायला त्यात साधारण ३० टक्क्यांच्या आसपास पाणी लागतं, पण सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की कुजणं जवळजवळ थांबतं. ऱ्हाईन, माइन, डॅन्यूब या नद्यांच्या गोट्यांत गाडलेले ओकचे बुंधे म्हणून तर हजारो वर्षं टिकले, आणि त्यांच्या वाढीच्या कड्या मोजून १०,००० वर्षांहून मागे जाणारी दिनदर्शिका बनवता आली.

दुसरी जागा खुद्द पाण्यात आहे, आणि तिथे बहुतेक लोक बघतच नाहीत. ओढ्यात पडलेली पानं कुजवणाऱ्या बुरशा वेगळ्याच असतात. १९४२ मध्ये सी. टी. इनगोल्ड या ब्रिटिश अभ्यासकाने ओढ्यातल्या आल्डरच्या कुजक्या पानांवर त्यांचं वर्णन केलं. त्यांच्या कित्येक बीजाणूंना चार हात असतात. वाहत्या पाण्यात असा बीजाणू पानाला तीन टोकांनी टेकतो आणि तिथेच चिकटतो. वाहत्या पाण्याला मात्र प्राणवायूची चणचण नसते. ते खळाळत हवा मिसळून घेतं. पानं खाणारे पाणकिडेसुद्धा कोरं पान टाळून बुरशी लागलेलं पान पसंत करतात. हे बीजाणू फेसात अडकून साठतात. दगडाआड जमलेला पिवळट फेस बाटलीत घ्या, तो विरला की थेंबभर काचपट्टीवर ठेवून शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बघा.

एक सूचना: काठावरचे आल्डर शेंड्याकडून विरळ होत वाळत असतील आणि बुंध्यावर गंजासारखा काळपट चीक दिसत असेल, तर तो फायटोफ्थोराचा रोग असण्याची शक्यता मोठी. ब्रिटनमध्ये तो १९९३ साली लक्षात आला. लोक त्याला बुरशी म्हणतात, पण नात्याने तो तपकिरी शेवाळांच्या जवळचा. त्याचे बीजाणू शेपटी हलवत पोहतात, म्हणून पूर त्याला मानवतो. अशा ठिकाणाहून परतताना बूट आणि फावडं चिखल काढून धुवा आणि पूर्ण वाळवूनच पुढच्या ओढ्याला जा.