मॅट्रिक्सच्या फोरकेमधला हिरवा रंग कुठे गेला? टीव्ही ठीक आहे तुमचा

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की द मॅट्रिक्सची फोरके (ब्ल्यू-रेपेक्षा जास्त बारकाव्याची) डिस्क हौसेने मागवली, लावली, आणि तो ओळखीचा हिरवा रंग निम्मा गायब, जुन्या ब्ल्यू-रेवर ऑफिस, रस्ता, माणसांचे चेहरे सगळंच कसं शेवाळ धरल्यासारखं होतं. मित्र म्हणतो टीव्ही गंडलाय. आणि शेवटी विचारलंय की कंपन्या रंगांशी असे खेळ का करतात आणि ओरिजिनल नक्की कुठलं समजायचं.

तर टीव्ही आधी क्लिअर करतो, तो ठीक आहे. आणि धक्का बसेल पण १९९९ ला थिएटरात जे दिसलं त्याच्या जास्त जवळ तुमची नवी डिस्क आहे, ती शेवाळवाली ब्ल्यू-रे नाही.

झालं असं की १९९९ च्या सिनेमात हिरवा रंग होता, नक्की होता, मशीनच्या आतल्या जगात हिरवट आणि बाहेरच्या खऱ्या जगात निळसर असा तो सगळा खेळ होता, पण तो बेताने, सेट, कपडे, लायटिंग यांच्यातनं आलेला. सुरुवातीची डीव्हीडी पण बऱ्यापैकी तशीच होती. मग २००३ ला पुढचे दोन भाग आले, ते दिसायला जास्त हिरवे होते. २००४ ला तिन्ही भागांचा बॉक्स सेट काढताना पहिला भाग पुढच्या दोघांशी मॅच व्हावा म्हणून त्याच्यावरही हिरवा हात फिरवला आणि २००८ ची ब्ल्यू-रे त्याच मास्टरवरनं, म्हणजे ज्यावरनं कॉप्या काढतात त्या प्रतीवरनं, निघाली. आपल्यासारख्या, म्हणजे थिएटर हुकलेल्या लोकांनी सिनेमा पाहिला तो हा. २०१८ ला फोरकेसाठी मूळ निगेटिव्ह, म्हणजे शूटिंगच्या वेळी कॅमेऱ्यात असलेली फिल्म, नव्याने स्कॅन झालं, सिनेमाचा कॅमेरामन बिल पोप स्वतः रंगांवर देखरेख करायला होता, आणि तो जादाचा हिरवा उतरला. म्हणजे आधी एका पिढीची तक्रार की हिरवा घातला, नंतर दुसऱ्या पिढीची तक्रार की हिरवा काढला, आणि दोघंही मनापासून म्हणतायत आमचा सिनेमा परत द्या.

आता ओरिजिनलचं. हे जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

माझा मामा मिरजेकडे एका थिएटरात ऑपरेटर होता, मी सुट्टीत त्याच्या केबिनमध्ये पडीक असायचो. तेव्हा दिव्याच्या जागी कार्बनच्या कांड्या जळायच्या, त्यांच्यातलं अंतर चुकलं की पडद्यावरच्या उजेडाचा रंगच बदलायचा, मग मामा नॉब फिरवून ते परत जुळवायचा आणि खाली शिट्ट्या. आणि जुन्या सिनेमांच्या प्रिंटा यायच्या त्या निम्म्या गुलाबी पडलेल्या. मला कितीतरी वर्षं वाटायचं की जुन्या रंगीत सिनेमातलं आभाळ असंच असतं, जांभळट गुलाबी, त्या काळची काहीतरी फॅशन असेल. नंतर कळलं की ईस्टमनकलर नावाच्या रंगीत फिल्मच्या प्रिंटमध्ये तीन रंगांचे थर असतात, ते सारख्या वेगाने उडत नाहीत, निळसर-हिरवा जो सायन म्हणतात तो आधी जातो आणि मागे गुलाबी उरतो. १९८० च्या दशकात जरा टिकाऊ प्रिंट स्टॉक, म्हणजे प्रिंट काढायची कोरी फिल्म, यायला लागला पण त्याआधीच्या प्रिंटांची वाट लागली ती लागलीच. जुन्या टेक्निकलरच्या प्रिंटा तेवढ्या टिकल्या कारण त्यात रंग छापखान्यासारखे एकावर एक छापलेले असायचे, पण ती पद्धत हॉलिवूडमध्ये १९७० च्या दशकाच्या मध्यातच बंद पडली.

हे सांगायचं कारण म्हणजे लोकांना वाटतं निगेटिव्ह म्हणजे ओरिजिनल, ते स्कॅन केलं की झालं, खरे रंग हातात. तसं नसतं हो. निगेटिव्ह हा शिधा झाला, जेवण नाही. शूटिंगनंतर लॅबमध्ये टायमर नावाचा माणूस बसायचा, तो प्रत्येक शॉटला लाल, हिरवा, निळा असे तीन लाइट किती सोडायचे ते ठरवायचा, १ ते ५० च्या आकड्यांत, कॅमेरामन शेजारी बसून म्हणणार चेहरा जरा गरम कर, रात्र जरा थंड कर. मग ते प्रिंट स्टॉकवर उतरणार, त्या स्टॉकचा स्वतःचा कॉन्ट्रास्ट, स्वतःचा रंग, मग प्रोजेक्टरचा दिवा. या सगळ्यातनं जे पडद्यावर पडायचं ते ओरिजिनल, आणि ते निगेटिव्हमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. त्यामुळे आज निगेटिव्ह स्कॅन केलं की कुणीतरी कलरिस्ट, म्हणजे रंग जुळवणारा माणूस, पॅनलसमोर बसून ते सगळे निर्णय नव्याने घेणार. शेजारी चांगली प्रिंट संदर्भाला असेल तर ठीक. ती गुलाबी पडली असेल, किंवा मागवायचा कंटाळा केला असेल, तर मग दिग्दर्शकाची आठवण, नाहीतर कलरिस्टची आवड. आणि गेल्या वीसेक वर्षांची आवड काय, तर चेहरे नारिंगी आणि बाकी सगळं मोरपंखी. २००० च्या आसपास अख्खा सिनेमा कॉम्प्युटरवर रंगवता यायला लागला आणि हे फॅड आलं, नव्या सिनेमांत चाललं तर चालू दे, पण १९७०-८० चे सिनेमे रीमास्टर करताना, म्हणजे नव्या डिस्कसाठी परत तयार करताना, पण तोच मसाला टाकायला लागले तिथे लोक भडकले.

आता सगळ्यात गाजलेली भानगड सांगतो, द फ्रेंच कनेक्शन. १९७१ चा सिनेमा, न्यूयॉर्कची कडाक्याची थंडी, घाणेरडे रस्ते, पाच ऑस्कर. २००९ ला ब्ल्यू-रे आली आणि ज्यांनी सिनेमा आधी पाहिला होता त्यांना कळेचना हे काय आहे. रंग फिक्के, थंड, कडेने बाहेर पसरलेले, जुन्या हाताने रंगवलेल्या फोटोसारखे. आणि हे चुकून झालं नव्हतं! दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिनने स्वतः बसून केलेलं. त्याने सिनेमाचं एक कृष्णधवल रूप बनवलं, दुसरं एक रंगांचा मारा केलेलं आणि मुद्दाम धूसर केलेलं रूप बनवलं, आणि दोन्ही एकमेकांवर चढवले. डिस्कवरच एक छोटी फिल्म आहे त्यात तो हे सगळं कौतुकाने समजावून सांगतो. कॅमेरामन होता ओवेन रॉइझमन, ज्याला याच कामासाठी ऑस्करचं नामांकन मिळालेलं, तो जाहीरपणे भयंकर चिडला, म्हणाला मला कुणी विचारलंसुद्धा नाही. शेवटी २०१२ ला नवी ब्ल्यू-रे काढावी लागली, या वेळी रॉइझमनला सोबत घेऊन, आणि रंग जागेवर आले. म्हणून कुणी म्हणालं की दिग्दर्शकाने मान्य केलंय म्हणजे विषय संपला, की मी हा किस्सा काढतो. दिग्दर्शकाने मान्य केलं होतं की, तेव्हाही.

द लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या पहिल्या भागाचं तुम्हाला माहीत असेल. २००१ चा सिनेमा, २०११ ला त्याच्या एक्स्टेंडेड, म्हणजे लांबवलेल्या, रूपाची ब्ल्यू-रे आली आणि लोकांनी जुन्या डीव्हीडीची फ्रेम आणि नवी फ्रेम शेजारी शेजारी लावून दाखवली, बर्फ हिरवट, ढग हिरवट, जिथे पांढरं म्हणून काही असायला हवं तिथे सगळीकडे हिरवी झाक. स्टुडिओकडनं उत्तर आलं की हे दिग्दर्शकाच्या देखरेखीखालीच झालंय. बरं, एखाद्या जंगलाच्या सीनला हिरवं केलं तर ती निवड समजू शकतो, पण अख्ख्या सिनेमावर एकच झाक म्हणजे लोकांना साहजिकच शंका आली की ही कला आहे का कुणाचं बटण चुकलंय. काहींनी तर ती झाक उलटी वजा करून घरच्या घरी स्वतःची कॉपी दुरुस्त केली. अधिकृत नवं ग्रेडिंग, म्हणजे रंगांची जुळवणी, यायला २०२० चा डिसेंबर उजाडला, फोरकेमध्ये.

द गुड, द बॅड अँड द अग्लीची २०१४ ची ब्ल्यू-रे पिवळी धमक, आभाळाचा निळा गेलाच त्यात, पुढे २०१७ ला दुसऱ्या कंपनीने तो पिवळा शक्य तेवढा काढायचा प्रयत्न केला. असली यादी करायला बसलो तर रात्र होईल.

पण एका केसमध्ये मी अजून कुंपणावर आहे. हाँगकाँगचा दिग्दर्शक वाँग कार-वाई. २०२१ ला त्याच्या सात सिनेमांचा बॉक्स सेट आला, त्यात इन द मूड फॉर लव्ह, २००० चा, त्यातले लाल पडदे, हिरॉइनचे एकेक चिओंगसाम, म्हणजे चिनी पद्धतीचे ड्रेस, लोकांनी त्या लाल रंगावर निबंध लिहिलेत, आणि नव्या रूपात सगळ्यावर हिरवट छाया. फॉलन एंजल्सची तर फ्रेमच रुंद केली. चाहते भयंकर नाराज झाले. पण वाँगने सरळ लिहून दिलं की लोकांना आठवतंय तसं ठेवायचं का मला मुळात हवं होतं तसं करायचं असा पेच होता, मी दुसरं निवडलं, आता हा तोच सिनेमा नाही आणि आपण पण तेच प्रेक्षक नाही. हे वाचून मला राग यायला हवा होता पण अर्धाच आला, कारण माणसाने निदान लपवलं नाही. माझी खरी चीड वेगळीच आहे, नवं काढलं की जुनं बाजारातनं हळूहळू नाहीसं होतं आणि नव्याच्या कव्हरवर झोकात लिहिलेलं असतं रिस्टोअर्ड. मध्यंतरी एका ओटीटीवर, नाव घेत नाही, लहानपणीचा एक आवडता हिंदी सिनेमा रिस्टोअर्ड म्हणून लावला तर हिरॉइनची शेंदरी साडी चक्क विटकरी, आणि चेहऱ्यांवरचा सगळा कण, म्हणजे फिल्मचा बारीक दाणा, घासून काढलेला, मेणाची माणसं. आई शेजारी बसलेली, ती म्हणाली ही साडी अशी नव्हती. आईला ग्रेडिंग वगैरे काही माहीत नाही पण साड्यांच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा.

अजून एक प्रकार आहे ज्यात कुणीच काही बदललेलं नसतं तरी रंग बदलतात, हा मला सगळ्यात भारी वाटतो. टॉय स्टोरी, १९९५, पूर्ण कॉम्प्युटरवर बनलेला, पण तेव्हा थिएटरात दाखवायचा तर ३५ एमएम फिल्मवरच उतरवावा लागायचा. फिल्मवर हिरवा पटकन गडद होतो, निळा जास्त भडकतो, हे माहीत असल्याने कलाकारांनी कॉम्प्युटरवर रंग मुद्दाम त्या हिशोबाने ठेवले होते, फिल्म पुढचं काम करणार म्हणून. मग पिक्सारच्याच अ बग्ज लाइफची डीव्हीडी १९९९ ला थेट डिजिटल फायलींवरून बनवली, मधली फिल्म गाळून, आणि पुढे टॉय स्टोरीचंही तसंच झालं. लायन किंग, अलादिन पण कॉम्प्युटरवर रंगवून फिल्मसाठी बनलेले, नंतर थेट फायलींवरून निघालेले. चित्र एकदम स्वच्छ, एक कचरा नाही, आणि रंग कुणीही थिएटरात कधी न पाहिलेले. ज्यांच्याकडे जुन्या ३५ एमएम प्रिंटांचे स्कॅन आहेत ते शेजारी लावून बघतात तेव्हा कळतं, प्रिंट जास्त मऊ, सावल्या जास्त खोल. इथे कंपनीला शिव्या तरी काय घालणार, फाइल तीच आहे की.

आपल्याकडे हा वाद अजून फार पेटलेला नाही कारण आपल्याकडे जुन्याचं काही शिल्लक असणं हीच मुळात बातमी. शोले २०२५ मध्ये रिस्टोअर होऊन इटलीत बोलोन्याला दाखवला, त्याचं मूळ कॅमेरा निगेटिव्ह खराब झालेलं, लंडनला मिळालेल्या इंटरपॉझिटिव्हचा, म्हणजे निगेटिव्हवरनं काढलेल्या मधल्या प्रतीचा, आधार घ्यावा लागला. अशा ठिकाणी मी रंगावरनं भांडायला जाणार नाही, मिळालं हेच खूप.

बाकी तुम्ही काय करायचं. जुनी मॅट्रिक्सची ब्ल्यू-रे विकू नका, त्या रूपाची सवय असेल तर ते परत कुणी छापेल याची गॅरंटी नाही. कुठलीही नवी डिस्क घेण्याआधी कॅमेरामन हयात असेल तर तो त्यात होता का ते बघा, आणि स्कॅन निगेटिव्हचा का आधीच्याच मास्टरला पॉलिश ते बघा. नेटवरचे शेजारी शेजारी लावलेले स्क्रीनशॉट बघा पण त्यावर जीव टाकू नका, फोरकेचे एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त पल्ला असलेले, रंग साध्या स्क्रीनशॉटमध्ये उतरताना निम्मे मरतात. आणि हो, टीव्ही विविड मोडवर असेल तर आधी तो काढा, दुकानात उठून दिसावा म्हणून असतो तो, फिल्ममेकर मोड नाहीतर सिनेमा मोड लावा, पहिले दोन दिवस सगळं पिवळट वाटेल, डोळे बसले की बरं वाटतं. एवढं करून बातम्या लावल्यावर निवेदिकेचा चेहरासुद्धा हिरवा दिसत असेल तर मग मित्राचं खरं, माणूस बोलवा.