पहिली पायी वारी आईबरोबर करायची आहे: आळंदीहून जावं, देहूहून की त्र्यंबकेश्वरहून?

ताई, तुमच्या प्रश्नातलं मला समजलेलं आधी सांगते. तुम्ही नाशिकच्या, वय ३८. आई ६३ वर्षांची. आईला एकदा तरी सगळी वाट पायी चालून पंढरपूरला जायचंय. तुम्हाला रजा मिळते २० दिवसांची. मामांच्या गावची दिंडी दरवर्षी त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर जाते, पण ती वाट तुमच्या रजेत बसत नाही, म्हणून आळंदी की देहू, असं तुम्ही विचारलंय.

मी सात पूर्ण वाऱ्या केल्या. पाच माउलींबरोबर, दोन तुकोबांबरोबर. आणि एका वर्षी नणंदेच्या सासरकडच्या दिंडीत अहिल्यानगरपासून पुढे निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर चालले. ती वारी अर्धी, पण या उत्तरासाठी तीच जास्त कामाची आहे. तिच्याकडे शेवटी येते.

माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, तुकोबांची आदल्या दिवशी, सप्तमीला, देहूहून. दोन्ही पुण्यात येतात. माउली भवानी पेठेत, तुकोबा नाना पेठेत, दोन-दोन रात्रींचा मुक्काम. मग हडपसरला वाटा फुटतात. माउली दिवे घाटाकडे वळतात आणि तुकोबा सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जातात.

आईसाठी तुम्हाला पहिला विचार करायचाय तो या दिवे घाटाच्या दिवसाचा. पुणे ते सासवड हा माउलींच्या वाटेवरचा सगळ्यात मोठा टप्पा, ३० किलोमीटरच्या वर. बहुतेक वर्षी त्या दिवशी एकादशी येते, म्हणजे पोटात साबुदाणा आणि केळी. अंगात सवय मुरायच्या आत हा दिवस येतो, ही खरी अडचण. हाच टप्पा लोणंदच्या पुढे असता तर कुणी त्याचं नावही काढलं नसतं.

पहिल्या वर्षी मी सासवडला पोचले तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. घाटात पाऊस, नंतर ओल्या मोज्यांत दहा किलोमीटर. डाव्या टाचेवर सुपारीएवढा फोड आला होता. आमच्या राहुटीत परभणीकडच्या एक आजी होत्या. त्यांनी कंदिलाजवळ बसून सुईत काळा दोरा ओवला, सुई फोडातून आरपार काढली, दोऱ्याची दोन टोकं बाहेर लोंबती ठेवून कात्रीने कापली. दोऱ्याच्या कडेने पाणी हळूहळू झिरपत राहिलं. वर खोबरेल तेलात कालवलेली हळद. म्हणाल्या, “नीज आता. उद्या हितंच मुक्काम हाय.” सासवडला दोन रात्री असतात म्हणून मी वाचले. (डॉक्टर मंडळी दोऱ्याच्या उपायाला नको म्हणतात, फोडात जंतू जातात. मीही आता फोड न फोडता वर पट्टी लावते. पण त्या रात्री त्या आजींचा हात माझ्या पायावर होता, ते मी विसरलेले नाही.)

घाट पार पडला की माउलींची वाट सोसवते. जेजुरी, मग वाल्ह्याचा लहान टप्पा, मग नीरेचं स्नान आणि लोणंद. लोणंद ते तरडगाव तर जेमतेम ८ किलोमीटर आणि त्यातच चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून माउलींचा अश्व धावतो. पुढे फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे रोजचे १८ ते २१ किलोमीटर. तोपर्यंत पाय आपोआप उचलायला लागतात.

माउलींच्या सोहळ्याची शिस्त मात्र दुसरीकडे बघायला मिळायची नाही. आजच्या रूपातला हा सोहळा १८३२च्या सुमारास हैबतबाबा आरफळकरांनी लावून दिला. ते शिंद्यांच्या पदरचे सरदार. घोडे, तंबू, दिंड्यांचे नंबर, कोण रथापुढे कोण रथामागे, या सगळ्या शिस्तीची मुळं त्यांच्या वेळची. मुक्कामाला पोचल्यावर समाजआरती होते. सगळ्या दिंड्या तळावर गोल उभ्या, हजारो टाळ एकदम वाजतायत, आणि चोपदार हातातला दंड वर करतात. त्या क्षणी सगळं थांबतं. कुठे लहान मूल रडत असेल तर तेवढंच ऐकू येतं. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती दिंडी टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. मग चोपदार तिच्याकडे जातात, काय झालं ते ऐकतात, समजूत घालतात, आणि मगच आरतीला सुरुवात होते. लाखभर माणसांत एका दिंडीचं गाऱ्हाणं ऐकल्याशिवाय देवाची आरती होत नाही. मला माउलींच्या वारीत सगळ्यात प्रिय हेच आहे. तुम्ही एकट्या जाणार असता तर एवढ्यासाठी मी आळंदीच सांगितली असती.

आईबरोबर मात्र गर्दीचा विचार करावा लागतो. माउलींबरोबर माणूस सगळ्यात जास्त. पाण्याच्या टँकरला रांग, शौचालयाला रांग, चहाला रांग. आता फिरती शौचालयं पुष्कळ असतात, बारा-पंधरा वर्षांपूर्वीचे हाल राहिले नाहीत. तरी बायकांना आंघोळ रात्री अडीच-तीनलाच उरकावी लागते, कारण त्यानंतर आडोसा मिळत नाही. साठीच्या बाईला सलग अठरा दिवस अपुरी झोप मिळाली की पायांआधी तीच थकवते.

तुकोबांची वाट या बाबतीत थोडी मोकळी. ही पालखी तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली सुरू केली. पुण्याहून लोणी, तिथून यवत. हा यवतचा दिवस लांब आणि हमरस्त्याचा, कंटाळवाणा, ऊन असेल तर जीव नकोसा होतो. पण यवतला गावाने केलेलं पिठलं-भाकरी मिळतं. घराघरांतून भाकऱ्या येतात, मोठमोठ्या कढयांत पिठलं रटरटत असतं. दिवसभराच्या चालीनंतर ते गरम पिठलं ज्याने खाल्लंय त्याला यवतचं ऊन आठवत नाही. वरवंडच्या पुढे रोटी घाट आहे, पण दिवे घाटापुढे तो काहीच नाही. मग हमरस्ता सुटतो आणि उंडवडी, बारामती, काटेवाडी अशी गावं लागतात. काटेवाडीला परीट समाजाचे लोक पालखीखाली धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्यांचं रिंगण होतं. शेकडो मेंढ्या रथाभोवती धावतात, त्यांच्या खुरांचा आवाज आणि धूळ. माझ्या सासूबाई ते बघून लहान मुलीसारख्या टाळ्या पिटत होत्या. पुढे बेलवाडीला गोल रिंगण, इंदापूर, सराटीला नीरास्नान, अकलूज. या पट्ट्यात गावातल्या बायका वारकरी बायकांना हाताला धरून घरी नेतात. न्हाणीघर मोकळं करून देतात, गरम पाणी देतात, बसायला पाट मांडतात. माउलींच्या वाटेवरही हे होतं, पण तिथे एका घरामागे माणसं फार.

सावलीचं म्हणाल तर दोन्हीकडे सारखंच. पालखी महामार्गाच्या रुंदीकरणात जुने वड आणि कडुनिंब गेले. नवा रस्ता तापतो, वरून ऊन आणि खालून वाफ. सकाळी लवकर निघून दुपारच्या विसाव्यापर्यंत जास्तीत जास्त अंतर कापायचं, एवढंच हातात.

आता दिंडीचं बोलते, कारण वाटेपेक्षा ते महत्त्वाचं आहे आणि तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख ओझरताच आला.

एका वर्षी आमची नेहमीची दिंडी निघाली नाही. मी आणि माझी मैत्रीण, दोघींनी फोनवर चौकशी करून दुसऱ्याच एका दिंडीत भिशी, म्हणजे जेवणा-मुक्कामाची वर्गणी, भरली. तोवर मला वाटायचं, दिंडी म्हणजे दिंडी. सगळ्यांचा तोच हरिपाठ, तोच काकडा. तिसऱ्या दिवसापासून कळायला लागलं. सामानाचा ट्रक तळापासून दोन-अडीच किलोमीटर आत कुठल्या तरी शेतात लावायचे आणि कुठे लावला ते कुणी सांगायचं नाही. नातेपुत्याला रात्री अकरा वाजता आम्ही दोघी मोबाइलच्या मरत्या बॅटरीवर चिखलातून आमची राहुटी शोधत होतो. सापडली तेव्हा जेवण संपलं होतं. कुणी वाईट वागलं असं नाही. आम्ही दोघी आलो नाही हे तिथल्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. नेहमीच्या दिंडीत विणेकरी बाबा राहुट्यांमधून एक चक्कर मारल्याशिवाय पाठ टेकायचे नाहीत. कोण आलं, कोण मागे राहिलं, कुणाचा पाय सुजला, सगळं त्यांना ठाऊक.

तेव्हापासून मला कुणी वाट विचारली की मी आधी त्यांना दिंडी विचारते. आणि तुमच्याकडे तर दिंडी आहे, ताई! सख्ख्या मामांची. मामी, गावातल्या बायका, आईच्या माहेरची माणसं. आईला रात्री ताप आला तर ती ज्यांना सांगायला संकोचणार नाही अशी माणसं. आळंदी-देहूला ही कितीही भिशी भरून मिळायची नाहीत.

निवृत्तिनाथ ज्ञानदेवांचे थोरले बंधू आणि गुरू. त्यांची पालखी ज्येष्ठ पौर्णिमेच्या आसपास त्र्यंबकेश्वरहून निघते आणि नाशिक, सिन्नर, राहुरी, अहिल्यानगर, कर्जत करत करमाळ्याच्या भागातून करकंबमार्गे पंढरपूर गाठते. जवळजवळ चार आठवडे लागतात. मी अहिल्यानगरच्या पुढचं चालले आहे. तिथे दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर रान, पेरणीची लगबग, आणि दिंडीतली निम्मी माणसं शेतकरी. चालता चालता अभंग थांबला की लगेच पावसाचं बोलणं, कुणाची पेरणी झाली, कुणाची खोळंबली. गर्दी इतकी कमी की पालखी विसाव्याला थांबली की जवळ जाऊन निवांत दर्शन घेता येतं. सोयी मात्र कमी. दवाखान्याच्या गाड्या, फुकट चहा-बिस्किटं, रेनकोट वाटणारी मंडळी यांचा पुण्याच्या वाटेवर सुकाळ असतो, तसं इकडे नाही. आईच्या रक्तदाबाच्या वगैरे गोळ्या असतील तर महिनाभराच्या बरोबर ठेवा.

म्हणून माझा सल्ला असा. आईला मामांबरोबर त्र्यंबकेश्वरहून निघू द्या. पहिले दहा-अकरा दिवस ती भावाच्या आणि मामीच्या सोबतीने चालेल. तुम्ही राहुरीला किंवा अहिल्यानगरला दिंडीत सामील व्हा. नाशिकहून एसटीने एका दिवसाचं काम. तिथून पंढरपूर साधारण दोन आठवडे. रजेचे दिवस उरतात, ते आषाढी एकादशीनंतर वापरा आणि पौर्णिमेपर्यंत पंढरपुरात राहा. एकादशीच्या गर्दीत मुखदर्शनसुद्धा नशिबाने होतं. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला होतो, पालख्या परत फिरतात आणि मग रांग जरा हलायला लागते.

तुम्हाला वाटेल, माझी वारी मग अर्धीच झाली. मलाही त्या वर्षी तसंच वाटलं होतं. करकंबच्या अलीकडे एका म्हाताऱ्या वारकऱ्यांना मी म्हणाले, “मी काय, अर्ध्यातून आलेय.” ते म्हणाले, “माउली, आम्ही काय जन्मापासून चालतोय का? ज्याला जिथनं बोलावणं आलं तिथनं तो निघाला.” आईचा नेम तिच्या पायांनी पूर्ण होतोय, तुमचा पुढच्या वर्षी करता येईल. आणि एक सांगू का? दहा दिवस तुमच्याशिवाय चाललेली आई तुम्हाला राहुरीला भेटेल ना, तेव्हा ती तुम्हाला वाट दाखवत असेल. विसावा कुठे, पाणी कुठे, कुणाच्या मागे चालायचं, सगळं तीच सांगेल.

मामांच्या दिंडीत यंदा जागा नसेल किंवा मामाच जाणार नसतील, तर देहू. दिवे घाट टळतो आणि आईला आडोसा मिळतो, एवढ्याच दोन कारणांसाठी. पण अशी दिंडी शोधा जिच्यात तुमच्या ओळखीचं किमान एक घर आधी चाललेलं आहे. त्यांना तीन गोष्टी विचारा: दिंडीत बायका किती असतात, ट्रक तळावर लागतो की लांब, आणि रात्री माणसं मोजतं कोण. तिसऱ्या प्रश्नाला लगेच एखादं नाव सांगितलं गेलं तर भिशी भरून टाका.

आईच्या पायताणाचं आत्ताच बघा. नवी चप्पल वारीच्या दिवशी पायात घालायची नाही. मऊ तळव्याचे, अर्धा नंबर मोठे बूट आत्ताच घ्या, कारण चालून चालून पाय सुजतात. आजपासून रोज सकाळी तासभर चालायला न्या आणि आठवड्यातून एकदा दहा-बारा किलोमीटर. मांड्या घासतात, त्यासाठी खोबरेल तेलाची लहान बाटली पिशवीत वरच ठेवा, तळाशी नको. सुती पातळं तीनच पुरतात. प्लास्टिकचा मोठा कागद मात्र दोघींचे दोन हवेत, कारण एक नक्की फाटतो.

आणि मामांना आजच फोन करा. दिंडीत नावं वैशाखातच भरतात, ट्रकमध्ये जागा मोजकीच असते.

रामकृष्णहरी.