नावं जुळली म्हणजे पुराण खरं का?

प्रश्न : आमच्याकडे लश्कर भागात भागवत सप्ताह झाला, बाराव्या स्कंधात राजांच्या नावांची लांबलचक यादी आली तेव्हा नातू म्हणाला, आजी ही नावं कुणीतरी मनानं रचली असणार. काही पुरावा आहे का हो? (एक आजी, ग्वाल्हेर)

उत्तर : आहे आजी, आणि चांगला भक्कम आहे. त्या यादीत आंध्र राजांमध्ये, म्हणजे सातवाहनांमध्ये, गोमतीपुत्र, मग पुरीमान, जरा पुढे यज्ञश्री येतो. आता नाशिकच्या लेण्यांतले लेख बघा, तिथे गौतमीपुत्र सातकर्णी, त्याचा मुलगा पुळुमावी आणि नंतरचा यज्ञश्री सातकर्णी, म्हणजे क्रमसुद्धा तोच. पोथ्यांच्या नकला करणाऱ्यांनी नावांची पार वाट लावली हे खरं, पण मला तर हाच पुरावा जास्त पटतो, कारण मनानं रचणारा माणूस चांगली भारदस्त नावं टाकेल, 'पुरीमान' कशाला लिहील? शिवाय त्या लेखांची ब्राह्मी लिपी मधली कित्येक शतकं कुणाला वाचताच येत नव्हती, ती उलगडली जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकानं १८३७ च्या सुमारास, त्यामुळे पोथीवाल्यांनी नंतर लेण्यांत बघून नावं घुसवली असंही म्हणता येत नाही.

आपल्याजवळचं पवाया घ्या, म्हणजे जुनी पद्मावती. विष्णुपुराण म्हणतं पद्मावती, कांतिपुरी, मथुरेला नऊ नाग, म्हणजे नाग घराण्यातले राजे, राज्य करतील, आणि पवायाला नाग राजांची नाणी खरंच सापडलीत. तिथलीच मणिभद्र यक्षाची मूर्ती गुजरी महालाच्या म्युझियममध्ये आहे, नातवाला घेऊन जा, तिच्यावर राजा शिवनंदीचं नाव कोरलंय. भागवतात शिशुनंदी, यशोनंदी आहेत, शिवनंदी नाही. नावांची धाटणी एक म्हणून काही जण शिवनंदीला ओढूनताणून शिशुनंदी-यशोनंदीच्या घराण्यात बसवतात, मी नाही बसवणार.

पण नावं जुळली म्हणून सगळ्या कथा घडल्या असं होत नाही हं. यादी लिहिणाऱ्याकडे जुन्या राजवंशावळ्या होत्या, एवढंच त्यातनं निघतं. शुकमुनी परीक्षिताला 'हे राजे पुढे होतील' म्हणून सांगतात, इतिहासवाले मात्र यादी त्या राजांच्या नंतरची धरतात. आणि आकड्यांवर तर अजिबात जाऊ नका, भागवत म्हणतं आंध्र राजे ३०, वर्षं ४५६, पण नावं मोजायला बसलात तर ३० भरतच नाहीत, मत्स्यपुराणात वर्षं ४६०. तिथे नातवाची शंका बरोबर आहे.