साखरपुडा झालाय, पण जुनं प्रेम डोक्यातून जात नाही. काय करू?

आधी ‘विसरायचंच’ हा हट्ट सोडा. 1987 मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी एका प्रयोगात लोकांना 5 मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं. अस्वल येतच राहिलं. दाबलेली आठवण अशीच उसळते. आली तर येऊ द्या, तिच्यामागे मोबाईल मात्र उघडू नका.

खरा घोळ तिथेच आहे. प्रोफाइल चोरून बघणं म्हणजे खपली काढणं. नंबर आणि चॅट काढून टाका. गुगल फोटोजच्या मेमरीजमध्ये ती व्यक्ती आणि त्या तारखा लपवता येतात, तेही करा. नाहीतर ऐन हळदीच्या दिवशी जुना फोटो समोर येईल.

तुलना होणारच, पण ती बरोबरीची नसते. जुन्या माणसाच्या निवडक संध्याकाळी आठवतात, नव्याचे रोजचे मूडही दिसतात. आठवण आली की भांडणाचं आणि तुटण्याचं कारणही आठवा.

होणाऱ्या जोडीदाराला लग्नाआधी सांगा: नातं होतं, साधारण किती काळ, आता संपर्क नाही. बारीकसारीक तपशील नकोत, त्यातून उलटतपासणी सुरू होते. आणि ‘ती व्यक्ती आज परत आली तर?’ याचं उत्तर मनात ‘जाईन’ असेल, तर तारीख पुढे ढकला, घरचे रागावले तरी.