व्हीलचेअर रेसर व्हायचंय म्हणणाऱ्या लेकीच्या आईला

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. जन्मापासून स्पायना बायफिडा (मणक्याचा जन्मजात दोष) आहे, पायांत ताकद नाही, व्हीलचेअर वापरते. गणितात हुशार आहे. अमेरिकेची व्हीलचेअर रेसर तात्याना मॅकफॅडन हिचे व्हिडिओ बघून तिनं ठरवलंय की व्हीलचेअर रेसर व्हायचं. शाळेत पी.टी.च्या तासाला तिला वर्गातच बसवतात, क्रीडादिनाला गुण लिहायचं काम देतात. तिचे बाबा म्हणतात, या नादात दहावी जाईल, त्यापेक्षा सरकारी नोकरीचं बघा. शाळेशी वाकडं घ्यायची आमची हिंमत नाही. यात खरंच करिअर आहे का? – एक आई, लातूर जिल्हा

ताई, नमस्कार.

करिअरचं तुम्ही विचारलंत, पण पी.टी.च्या तासाचं जाता जाता लिहून मोकळ्या झालात. मला आधी त्यावरच बोलायचंय. तुमची लेक जिला बघून पेटली आहे, तिचीही मोठी लढाई शाळेच्याच मैदानावर झाली.

तात्याना १९८९ साली रशियातल्या तेव्हाच्या लेनिनग्राडमध्ये (आताचं सेंट पीटर्सबर्ग) जन्मली, तुमच्या लेकीसारखाच स्पायना बायफिडा घेऊन. अनाथालयात वाढली. तिथे व्हीलचेअर नव्हती, म्हणून ती हातांवर चालायची. सहा वर्षांची होईपर्यंत असंच चाललं. मग अमेरिकेच्या डेब्रा मॅकफॅडन यांनी तिला दत्तक घेऊन मेरीलँड राज्यात नेलं. पोर अशक्त होती, ताकद यावी म्हणून आईनं तिला खेळात घातलं. पोहणं, बास्केटबॉल असं करत ती ट्रॅकवर पोहोचली आणि २००४ च्या अथेन्स पॅरालिंपिकमध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, १०० मीटरमध्ये रौप्य आणि २०० मीटरमध्ये कांस्य घेऊन परतली.

पुढे ती ॲथोल्टन हायस्कूलच्या ट्रॅक संघात गेली. तिथे तिला सांगितलं गेलं की तू वेगळी पळायचं. म्हणजे बाकीच्या मुलींची शर्यत थांबवायची, ट्रॅक मोकळा करायचा आणि त्यावर ही एकटी. पॅरालिंपिकचं पदक गळ्यात असलेल्या मुलीला शाळेच्या शर्यतीची गरज काय, असं कुणालाही वाटेल. तिला ती वाटली, कारण तिला मैत्रिणींबरोबर पळायचं होतं. शिवाय तिची धाकटी बहीण हॅना, तीही दिव्यांग खेळाडू, तिच्या मागून त्याच शाळेत येणार होती. २००५ मध्ये मॅकफॅडन कुटुंबानं शाळाव्यवस्थेवर दावा लावला. नुकसानभरपाई म्हणून एक पैसाही मागितला नाही. त्याच ट्रॅकवर, त्याच वेळी पळू द्या, एवढीच मागणी. २००६ मध्ये न्यायाधीशांनी तसा आदेश दिला. २००८ मध्ये मेरीलँडनं दिव्यांग विद्यार्थ्यांना शालेय खेळांत संधी देणारा कायदा केला आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्यानं देशभरातल्या शाळांना हे कर्तव्य बजावून सांगितलं. लंडनला २०१२ मध्ये १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत दोघी बहिणी एकाच ट्रॅकवर होत्या.

तुम्हाला कोर्टात जायची गरज नाही. आपल्याकडे कायदा आधीच झालेला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १६ सांगतं की सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेनं दिव्यांग मुलांना खेळाची आणि करमणुकीची इतरांच्या बरोबरीनं संधी द्यायची. यात वाकडं घेण्यासारखं काही नाही. मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज लिहा, त्यात कलमाचा उल्लेख करा, आणि मुलगी काय काय करू शकेल तेही लिहा : बसून गोळाफेक, बसून चेंडूफेक, सिमेंटच्या कोर्टवर खुर्चीची शर्यत. मातीच्या मैदानात चाकं रुततात, हे पी.टी.च्या सरांना कुणी सांगितलेलं नसतं. बरेच शिक्षक मुलीला लागेल या भीतीनं तिला वर्गात बसवतात. त्यांच्याशी बोला, फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी जोडा. तरीही हललं नाही, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

आता करिअर. २०१३ मध्ये तात्यानानं बोस्टन, लंडन, शिकागो आणि न्यूयॉर्क या चारही मॅरेथॉन एकाच वर्षात जिंकल्या. असं करणारी ती पहिलीच, पायांनी धावणारे धरूनही. पुढची तीन वर्षंही तिनं या चारही जिंकल्या. पण ती इलिनॉय विद्यापीठात शिकली, पदवी घेतली आणि सरावही तिथेच केला, हे तुम्ही तिच्या बाबांना आवर्जून सांगा. त्या विद्यापीठात दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीची व्यवस्था १९४८ पासून उभी आहे, वसतिगृह, वर्ग आणि ट्रॅक एकाच आवारात. अभ्यास सोडून ती विजेती झाली, असं कुठेही घडलेलं नाही.

आपल्याकडे व्हीलचेअर शर्यतीची वाट अजून अरुंद आहे, हे लेकीपासून लपवू नका. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये भारताला २९ पदकं मिळाली, त्यातली १७ ॲथलेटिक्समध्ये. पण त्यात व्हीलचेअर शर्यतीचं एकही नाही. बसून फेकण्याच्या प्रकारांत मात्र आपण भक्कम आहोत. धरमबीर आणि प्रणव सूरमा यांनी तिथे क्लबफेकीत (लाकडी दांडक्यासारखा क्लब बसून लांब फेकण्याचा प्रकार) सुवर्ण आणि रौप्य घेतलं, दीपा मलिक यांनी २०१६ मध्ये रिओला गोळाफेकीत रौप्य. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्ण जिंकून भारताचे पहिले पॅरालिंपिक विजेते झाले. म्हणून माझा सल्ला असा : रेसिंगचं स्वप्न राहू द्या, आणि येत्या दोन वर्षांत फेक आणि पोहणं यांनी तिचे खांदे, पाठ, दम तयार होऊ द्या. राज्य पॅरा ॲथलेटिक्स निवड स्पर्धेत उतरवा. तिथे तिचं वर्गीकरण होईल, म्हणजे शरीराच्या क्षमतेनुसार गट ठरेल. व्हीलचेअर शर्यतीत टी ५१ ते टी ५४ असे गट असतात. दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढलं नसेल तर ते आधी काढा.

रेसिंगची खुर्ची मात्र आत्ता विकत घेऊ नका. ती तीन चाकांची, लांब नाकाची, आणि मापाने शिवलेल्या ब्लाउजसारखी अंगाबरोबर बसावी लागते. मुलगी अजून वाढतेय. महागडी खुर्ची वर्षा-दोन वर्षांत घट्ट होईल. एखाद्या खेळाडूची वापरलेली मिळाली तर चालवून बघू द्या. त्या खुर्चीत बरेच जण पाय दुमडून, गुडघ्यांवर बसतात. तुमच्या लेकीला पायांत संवेदना कमी असतील तर चट्टा पडला तरी तिला कळणार नाही, म्हणून प्रत्येक सरावानंतर गुडघे, घोटे आणि बैठकीची त्वचा तुम्ही स्वतः बघायची. स्पायना बायफिडा असलेल्या अनेकांना लेटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची, ॲलर्जी असते. हातमोजे आणि व्यायामाचे रबरी पट्टे घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

तिच्या बाबांची काळजी मला रास्त वाटते. त्यांना सांगा, याच कायद्यानं उच्च शिक्षणात किमान ५ टक्के आणि सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव आहेत. त्यासाठी दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असल्याचं प्रमाणपत्र लागतं. गणित चांगलं आहे, तर बारावीनंतर संख्याशास्त्र, वाणिज्य, संगणक सगळं खुलं आहे. दहावीच्या वर्षात सराव आठवड्यातून तीनदा, तासभर, पुरे. परीक्षेआधीचा महिना फक्त खांद्याचे हलके व्यायाम.

शाळेचा अर्ज या आठवड्यातच द्या, कारण क्रीडादिनाच्या याद्या आधीच लागतात. दोन प्रती काढा, एकीवर शिक्क्यासह पोच घ्या. आणि अर्जावर सही तुमच्याबरोबर तिचीही असू द्या.