सारायेव्होत गुडघेदुखीची मंडळी बरोबर असतील तर

तुम्ही लिहिलंय की सहा जण बोस्नियाच्या राजधानीला, सारायेव्होला निघालात, सासूबाई आणि मावशींना गुडघ्यांचा त्रास आहे आणि वॉकिंग टूरवाले म्हणतात, 'तीनच किलोमीटर, सगळ्यांना जमेल.' हे वाचून राहवलं नाही. आम्हालाही अगदी हेच सांगितलं होतं.

व्हिसा-विम्यात शिरत नाही, ते तुम्ही पाहिलं असेलच. एवढंच बघा की शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच असतो तो) एकाच प्रवेशाचा असेल, तर बोस्नियात गेल्यावर त्यावर परत शेंगेन देशांत शिरता येत नाही. नियम बदलतात, वकिलातीकडून खात्री करून घ्या.

आता मुद्द्याचं. सारायेव्होत किलोमीटर विचारू नका, चढ विचारा. शहर मिल्यात्स्का नदीच्या अरुंद खोऱ्यात आहे. नदीच्या कडेने चाललात तर सपाट, दोन्हीकडच्या वस्त्यांत वळलात की खडा चढ. मी त्या टूरच्या ऑफिसला आधीच ईमेल केली होती: चढ किती, पायऱ्या किती, मध्ये बसायला मिळेल का? उत्तर आलं, 'सर्व वयाच्या लोकांसाठी सोपी.' मार्ग सांगितला नाही, पैसे मात्र आगाऊ घेतले. प्रत्यक्षात गाइडने कोवाचीच्या चढाने सगळ्यांना झुता ताबियाकडे, म्हणजे पिवळ्या किल्ल्याकडे नेलं. वाटेतल्या शहिदांच्या कब्रस्तानाशी आई कठड्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे." गट थांबेना. मी आईपाशी, बायको-मुलं वर, आणि फोनला नेट नाही. नंतर ऑफिसात गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, टूर ठरल्याप्रमाणे झाली, परतावा नाही. पैशांचं सोडा. आई उरलेल्या मुक्कामात हॉटेलबाहेर पडायलाच घाबरली, त्याचा राग अजून जात नाही. मार्ग आधी कळला असता तर तिला खाली आरामात बसवलं असतं.

माझ्या मते ज्येष्ठांसाठी गाइडची गरजच नाही. (मी डॉक्टर नाही, त्यांच्या गुडघ्यांचं तुम्हालाच ठाऊक.) बाश्चार्शियातल्या, म्हणजे जुन्या बाजारातल्या, सेबिलच्या कारंज्यापासून निघा आणि आधी नदीकाठच्या व्हियेच्नित्साला जा. हे जुनं नगरभवन. नंतर इथे राष्ट्रीय ग्रंथालय होतं, ऑगस्ट १९९२ मध्ये, बोस्नियातल्या युद्धात शहराला वेढा पडला होता तेव्हा, तोफगोळ्यांनी पेटलं आणि लाखो पुस्तकं जळाली. इमारत २०१४ मध्ये पुन्हा उघडली. आत नक्की जा. २८ जून १९१४ ला ऑस्ट्रियाचा युवराज आर्चड्यूक फ्रांझ फर्डिनांड इथलाच स्वागत समारंभ आटोपून नदीकाठाने मोटारीने निघाला आणि लॅटिन पुलाशी गाव्रिलो प्रिन्सिप या बोस्नियन सर्ब तरुणाने त्याला व त्याच्या पत्नीला गोळ्या घातल्या. तोच रस्ता तुम्ही रमतगमत चालू शकता, पूर्ण सपाट.

पुलाकडून आत वळून साराची रस्ता धरा, तोच पुढे फेर्हादिया होतो. वाटेत गाझी हुस्रेव बेग मशिदीचं अंगण आहे, मशीद १५३१ ची. थोडं पुढे तुर्की बाजार संपून ऑस्ट्रियन धाटणीच्या इमारती सुरू होतात, जमिनीवर तशी रेघच आखलीय. कॅथेड्रलसमोर खाली बघा: तोफगोळ्याने फरशीत पडलेले खळगे लाल राळेने भरलेत, मधे एक खड्डा आणि भोवती पाकळ्यांसारखे ओरखडे. यांना 'सारायेव्होचे गुलाब' म्हणतात. जिथे माणसं मेली तिथेच ते आहेत, मुलांना त्यावर पाय देऊ देऊ नका.

किल्ला सोडू नका, वरून सगळं खोरं दिसतं. ज्यांना चढायचंय त्यांनी चढावं, सासूबाई-मावशींना टॅक्सीने न्या. ट्रेबेविच डोंगरावर केबल कार जाते, पण खालच्या स्टेशनपर्यंतही थोडा चढ आहे, तिथेही टॅक्सीच बरी. वर १९८४ च्या हिवाळी ऑलिंपिकचा बॉबस्लेचा (बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतीचा) ट्रॅक आहे. मळलेली वाट सोडून झाडीत शिरू नका, युद्धात हा भाग सुरुंगांनी भरलेला होता.

शाकाहारी असाल तर: बोस्नियात बुरेक (पातळ पापुद्र्यांत सारण भरून भाजलेला पदार्थ) म्हणजे मांसाचंच. चीजची हवी तर सिर्नित्सा, पालकाची झेल्यानित्सा, बटाट्याची क्रोम्पिरुशा मागा.

युरोपियन युनियनचं सिम इथे आपोआप चालेल असं धरून चालू नका, बोस्निया त्यात नाही. मोरिचा हान या जुन्या सराईचं अंगण भेटण्याची जागा म्हणून सकाळीच ठरवून ठेवा, तिथे बसून कॉफी घेता येते. आणि टूर घ्यायचीच असेल तर मार्ग लेखी मागा. नुसतं 'सोपी आहे' म्हणाले तर पैसे भरू नका.